काळ्या दगडांचा खेळ

रशीदनं कमरेचा दोर स्वतःच्या हातानं सोडला. तुटला नाही. पेपरात तुटला असं आलं, गावातही तसंच बोलतात, पण तोच दोर माझ्या हातात होता आणि मी बघत होते. त्यानं गाठ सोडली, दोर त्या पोरीच्या काखेखालून दोनदा फिरवला, गाठ मारली, ओढून बघितली आणि आमच्याकडं तोंड करून हात वर केला. आम्ही ओढलं. मी, कणसं विकणारी येसू आणि एक गाडीचा ड्रायव्हर, ज्याचं नाव मला आजही माहीत नाही. पोरगी पाण्याखाली गेली, वर आली, परत गेली आणि काठाला आपटून आमच्या पायाशी आली. तिच्या अंगावरचा दोर सोडवून परत फेकायला म्हणून मी मान वर केली, तर तो उभा होता तो खडक दिसत नव्हता. नुसतं पाणी होतं, चहाच्या रंगाचं.

ज्याच्याबद्दल लिहायचं तो माणूस असा गेला. हे आधी सांगून टाकलं, म्हणजे पुढं कुणी त्याची वाट बघत बसणार नाही.

लोणावळ्याच्या वरच्या अंगाला आमचा ओढा आहे आणि त्याच्या काठाला माझी भज्यांची टपरी. रशीद तांबोळी गावठाणात राहायचा. बायको शमा शिवणकाम करते. मूलबाळ नाही. तळेगावच्या एका वर्कशॉपात तो कामाला होता. तिथं कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं आहेत. लोखंड कुठं कापायचं, किती कापायचं, हे मशीनला लिहून द्यायचं, हे त्याचं काम. रविवारी सुट्टी. पावसाळ्यातला प्रत्येक रविवार तो माझ्या टपरीच्या बाकावर काढायचा, कारण पावसाळ्यातल्या रविवारी आमच्या ओढ्यावर माणसं मरतात. दरीत कुणी पडलं, पाण्यात कुणी गेलं, की पोलीस गावातल्या माणसांना बोलावतात. दोर, टायरच्या ट्यूबा आणि छातीतला दम, एवढंच त्यांच्याजवळ असतं. रशीद त्यांच्यातला.

दिसायला काही नव्हता. बुटका, पोट सुटलेलं, मशीनच्या आवाजानं एक कान अधू झालेला. चहा त्यानं कधी गरम प्यायला नाही. समोर ठेवला की विसरायचा. वर साय धरली की बोटानं काढून टाकायचा आणि एका घोटात संपवायचा. मी म्हणायचे, तुला उगीच रॉकेल जाळून चहा करते, नळाखालीच कप धरत जाईन. तो म्हणायचा, "धर की, मावशी. तुझ्या भज्यात कांदा शोधायचा बी एक खेळ काडनारे मी."

त्याला एक खोड होती. गाडी थांबली की तो उतरणारी डोकी मोजायचा. बोट हलवायचा नाही, नुसते ओठ हलायचे. मग ती माणसं परत गाडीत बसताना पुन्हा मोजायचा. एकदा एका गाडीतून सात उतरले आणि सहाच परत बसले. रशीद बाकावरून उठून ओढ्याकडं धावत सुटला. सातवा जांभळीमागं लघवीला बसला होता. त्या माणसानं रशीदला जी शिवी दिली ती मी इथं लिहीत नाही. रशीद परत येऊन बसला आणि म्हणाला, "सात. बरोबर हाय." शिवीचं त्याला काही नव्हतं.

त्याच्याजवळ एक वही होती, दोनशे पानी, वर प्लॅस्टिकचं कव्हर. ओढ्यात, दरीत, धरणाच्या भिंतीखाली, मावळात जिथं जिथं तो मयत काढायला गेला, तिथलं त्यात लिहिलेलं होतं. नावं नव्हती फारशी. मी एकदा विचारलं, हे कशाला लिहितोस, पोलीस लिहितात की. तो म्हणाला, "मेला कुटं ते पोलीस लिवत्यात, मावशी. तो उभा कुटं व्हता, ते कोन लिवत न्हाई."

ते उभं राहण्याचं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. माणूस सापडायचा खाली लांब, कधी दोन दोन दिवसांनी. पण गेला तो एका जागेवरून. एका दगडावरून, एका वळणावरून. आणि रशीद म्हणायचा की जागा त्याच त्या असतात. माणसं नवी येतात, उभी मात्र तिथंच राहतात, कारण तिथनं फोटो चांगला येतो.

यापायी त्यानं मारही खाल्लेला आहे. एका बापाचा तरणा मुलगा धबधब्याखाली गेला होता. प्रेत अजून निघायचं होतं. बाप चिखलात बसून छाती पिटत होता, आणि रशीद त्याच्यासमोर उकिडवा बसून विचारत होता की तुमचा मुलगा नेमका कुठं उभा होता. त्या बापानं फाडकन त्याच्या तोंडात मारली. मलाही वाटलं, बरं झालं. ही काय विचारायची वेळ आहे? रशीद उठला नाही. गाल चोळला नाही. तसाच बसून राहिला, पाऊस डोक्यावर घेत, दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. शेवटी त्या बापानं मान वर न करता हात लांब केला आणि एका दगडाकडं बोट दाखवलं. रशीद गेला, त्या दगडावर उभा राहिला, पावलानं काहीतरी मोजलं आणि वहीत लिहिलं. प्रेत निघाल्यावर खांदा द्यायलाही तोच होता.

अशा माणसानं फोनवरचा खेळ करायचा ठरवला, यात मला तेव्हा काही संगती लागली नव्हती.

मला तो खेळ म्हणजे टवाळकी वाटायची. माझी सून दिवसभर फोनमध्ये रंगीत गोळ्या फोडत बसते, मला त्याचा राग आहे. रशीद म्हणाला, पाटी लावली तर कुणी वाचत नाही. बरोबर होतं. ओढ्याच्या तोंडाशी सरकारी पाटी आहे, तिच्यावर लोक ओले कपडे वाळत घालतात. पोलीस आले की बाजूला होतात, गेले की परत आत. आम्ही ओरडलो तर म्हणतात भजीवाली ओरडते, तिचं गिऱ्हाईक जातंय ना. रशीद म्हणाला, "फोन मात्र त्येंच्या हातात आस्तो, मावशी. पान्यात बी आस्तो. मग फोनलाच सांगू दे."

दोन वर्षं तो रोज कामावर जाता-येता लोकलमध्ये बसून ते लिहीत होता. मला तो यायचा विचारायला. पाणी वाढणार हे तुला आधी कसं कळतं, म्हणायचा. मी काय सांगणार. लहानपणापासून या ओढ्यावर शेळ्या राखल्यात, कळतं. पण तो सोडायचा नाही. मग मी आठवून आठवून सांगितलं. आधी काटक्या आणि पाला येतो. मग पाण्याचा रंग जातो. वर पाऊस असतो आणि इथं ऊन असतं, म्हणून लोकांना खरं वाटत नाही. आणि आवाज बदलतो. खळखळ थांबते आणि घुमल्यासारखं होतं. तेवढ्यात निघालं तर निघालं. तो मान हलवत लिहून घ्यायचा, अधू कान माझ्याकडं आला की मान फिरवून दुसरा करायचा.

खेळ तयार झाला तेव्हा पहिला मला दाखवला. एक बाई बारा शेळ्या घेऊन ओढा ओलांडते. आपण बोटानं शेळ्या पुढं न्यायच्या. पाला दिसला, रंग बदलला की मागं फिरायचं. जो मागं फिरतो तो जिंकतो. मी पहिल्याच डावात बाराच्या बारा शेळ्या बुडवल्या. येसू पोट धरून हसली. मला राग आला. मी म्हटलं, तुझ्या शेळ्या खोट्या आहेत. शेळी कधी आपणहून पाण्यात पाय घालत नाही. काठावर थांबते, ओरडते, तिला ढकलावं लागतं. जन्मात शेळी बघितलीस का?

तो हसला नाही. दोन आठवडे आला नाही. मग आला तेव्हा शेळ्या बदललेल्या होत्या. आता त्या काठावर थांबत होत्या आणि बोटानं ढकलल्याशिवाय जात नव्हत्या. खेळ सगळा उलटा झाला होता. ढकलायचं नाही, हाच खेळ. त्यानं त्याला नाव दिलं होतं 'पाय मागं'. ओढ्यावर तो लोकांना हेच ओरडून सांगायचा.

आणि त्यात ते काळे दगड होते. वहीतली प्रत्येक जागा त्यानं फोनमधल्या मावळाच्या नकाशावर काळा दगड म्हणून मांडली होती. दगडाला बोट लावलं की अक्षरं यायची. इथं एकोणीस वर्षांचा मुलगा उभा होता, फोटो काढत होता. इथं नवरा-बायको उभे होते, लग्नाला महिना झाला होता. मी चौथी शिकले, वाचायला वेळ लागतो, पण ते मी सगळं वाचलं. वाचून झाल्यावर त्या दिवशी मला भजी तळावीशी वाटली नाहीत.

आता दुकानाचं सांगते. फोनमध्ये एक दुकान असतं. कुणीही केलेला खेळ तिथं ठेवला की जगात कुणालाही घेता येतो. पण ठेवण्याआधी दुकानवाले तो तपासतात आणि परवानगी देतात किंवा देत नाहीत. दुकानवाले कोण, कुठं बसतात, हे रशीदला ठाऊक नव्हतं. वडगावला तहसीलमध्ये गेलं तर निदान समोर माणूस दिसतो, त्याच्याशी भांडता येतं. इथं नुसती पत्रं यायची फोनवर.

पहिल्या पत्रात नाही म्हणून आलं. रशीदनं मला ते मराठीत सांगितलं. खऱ्या माणसांच्या खऱ्या मरणाचा कुणी फायदा उठवत असेल तर असा खेळ आम्ही ठेवत नाही. त्यानं उलट लिहिलं की मी यातून एक पैसा घेत नाही, जाहिरात नाही, हे लोक मी स्वतः पाण्यातून काढले आहेत. चार दिवसांनी तेच पत्र परत आलं. "तेच वाक्य हाय, मावशी," तो म्हणाला. "एक अक्षर बी इकडचं तिकडं न्हाई." मी त्या दुकानवाल्यांना दोन शिव्या घातल्या. तो म्हणाला, त्यांचंही खरं आहे. मेलेल्या माणसांवर खेळ करून पैसा करणारेही लोक असतात, ते लांब बसून कसं ओळखणार कोण कसा आहे. मग त्यानं सगळी अक्षरं काढली. वयं काढली, लग्नाचा महिना काढला. नुसते काळे दगड ठेवले.

दुसऱ्या वेळी आणखी एक गोष्ट नडली. त्याला असं करायचं होतं की खेळ बंद असला, फोन खिशात असला, तरी माणूस काळ्या दगडाजवळ गेला की फोन थरथरावा. दुकानवाले म्हणाले, माणूस कुठं जातो हे खिशातल्या फोननं सारखं बघत राहायला आमची परवानगी नाही. का पाहिजे ते दाखवा. त्यानं ओढ्यावर उभं राहून व्हिडिओ काढून पाठवला, मागं मी आणि येसू दिसतो. नाही म्हणाले. तेही काढलं. आता खेळ उघडा असेल तरच फोन थरथरणार होता. मी विचारलं, खेळ उघडून पाण्यात कोण शिरतंय?

"कोन न्हाई," तो म्हणाला. "पन घरी बसून धा डाव खेळला आसंल तर पायाला आठवंल."

इतकं कापून झाल्यावर दुकानवाल्यांची तिसरी अट आली, आणि ती मात्र त्याला सोपी वाटली. नव्या माणसाचा खेळ असेल तर आधी बारा जणांनी तो फोनमध्ये ठेवायचा, चौदा दिवस, मध्ये खंड नाही. मग ते काही प्रश्न विचारणार, आणि मग दुकानात लागणार. रशीदनं बोटावर हिशेब केला. चौदा दिवस आणि वर एक आठवडा. आषाढातली गर्दी सुरू व्हायच्या आत खेळ लोकांच्या हातात जात होता. तेवढंच त्याला पाहिजे होतं. एक पावसाळा त्याला बघायचा होता की काही फरक पडतो का.

बारा माणसं त्यानं ओढ्यावरूनच गोळा केली. टपरीवाल्या बायका, पार्किंगची पावती फाडणारा म्हातारा, शमा. शमा त्याला सगळ्यांसमोर म्हणाली, "एक बायको झेपंना, आन हे बारा जनींना गोळा करून बसलंय." ती तशीच आहे, तोंडाची तिखट. प्रत्येकाच्या फोनमध्ये त्यानं स्वतः खेळ घातला, दुकानवाल्यांच्या यादीत नाव लिहिलं, आणि माझ्यासमोर बसून म्हणाला, "एक दिस बी काडायचा न्हाई, मावशी. खेळू नको वाटलं तर खेळू नको. पन राहू दे."

मी हो म्हटलं. मला कळलं नव्हतं असं नाही. चांगलं कळलं होतं.

त्याच दिवसांत माझी सून तळेगावच्या दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी घरी आणली. माझा फोन बाळंतिणीच्या खोलीतच असायचा, उशाशी, त्यावर ती गाणी लावायची. माझी विहीण सोमाटण्याहून आली होती. तिनं फोन हातात घेतला, कुठंतरी बोट लागलं आणि तो खेळ उघडला. मावळभर काळे दगड. हे काय म्हणून तिनं मला विचारलं आणि मी खरं ते सांगितलं. जिथं जिथं माणूस मेलं तिथं तिथं एक दगड आहे.

तिनं फोन खाली ठेवला, जळत असल्यासारखा. म्हणाली, "इहीणबाई, परवा पाचवी हाय. सटवाई लिवायला येनार, आन तुमी लेकराच्या उशाला मयताचं दगुड मांडल्यात?"

पाचवीच्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, असं आमच्यात मानतात. उशाशी कोरा कागद, पेन, कोयता ठेवतात. मी काही फार देवभोळी नाही. नवरा मेला तेव्हा तेराव्यानंतर चौथ्या दिवशी मी टपरी उघडली होती. पण बाई बाळंतीण आहे, पोर तीन दिवसांचं आहे, आणि कुणी तोंडानं तसं बोललं की मग ते बोललेलं घरात राहतं. शिवाय मी मनाशी म्हटलं, बारा आहेत, एक कमी झाला तर काय होतंय. पाचवी झाली की परत घालू.

फोन घेऊन मी बाजारात मोबाईलवाल्याकडं गेले. आमच्याकडच्या बायका फोनचं काहीही असलं तरी त्याच्याकडंच जातात. त्यानं खेळ काढला. आणि तो आपोआप परत यायला नको म्हणून दुकानवाल्यांच्या यादीतून माझं नावही काढून दिलं. त्याला वाटलं, तो काम नीट करतोय.

तो चौदातला तेरावा दिवस होता.

दुसऱ्या दिवशी रशीद कामावर रजा टाकून आला. हातात यादी. दुकानवाल्यांनी कळवलं होतं की माणसं अकरा झाली, आता बारा पुरे झाल्यावर दिवस पहिल्यापासून मोजायचे. तो येसूकडं गेला, पार्किंगवाल्याकडं गेला, एकेका टपरीवर फोन बघत आला. मी लांबून बघत होते. माझ्याकडं तो सगळ्यांत शेवटी आला. माझ्यावर त्याचा संशयच नव्हता.

मी म्हटलं, "फिरू नको. मी काडला."

तो बाकावर बसला. "का गं, मावशी?"

मी सांगितलं. विहिणीचं, पाचवीचं, सगळं. विहिणीवर ढकललं नाही. फोन घेऊन मी गेले होते, माझ्या पायानं.

त्यानं ओढ्याकडं बघितलं. मग म्हणाला, "काय झालं, पोरगा का पोरगी?"

"नात."

"ब्येस झालं." मग, "पाचवी झाली का?"

"उद्या."

"मंग परवा घालू."

एवढंच. चहा तसाच पडून राहिला, साय धरली, आणि त्या दिवशी तो न पिताच गेला. त्यानं शिव्या दिल्या असत्या तर मीही दोन दिल्या असत्या आणि मोकळी झाले असते. त्यानं ती सोय ठेवली नाही.

ठरल्याप्रमाणे तो तिसऱ्या दिवशी आला आणि खेळ परत घातला. चौदा दिवस पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. आषाढ लागला. गाड्यांची रांग वळणापर्यंत जायला लागली. कामावरून येताना तो बाकावर टेकायचा, डोकी मोजायचा आणि खेळाबद्दल बोलायचा नाही. मीही विषय काढायचे नाही. शमानं मला एकदा सांगितलं की तो घरी भिंतीवरच्या कॅलेंडरवर रेघा मारतो.

आठवी रेघ मारली त्या दिवशी रविवार होता.

दुपारी एका घरची पाच माणसं आली. नवरा-बायको, नवऱ्याचा भाऊ, त्याची बायको आणि ती दहा-अकरा वर्षांची मुलगी. माझ्याकडं भजी खाल्ली, चांगली माणसं होती, पोरीनं थँक्यू म्हटलं. मग ती सगळी ओढ्याच्या मधल्या सपाट खडकावर गेली. त्या खडकावर काळा दगड होता. एक नाही, तीन होते, फोनमध्ये.

रशीद ओरडला. मी ओरडले. बापानं आमच्याकडं बघून हात केला, काळजी करू नका असा. ऊन पडलं होतं. मग पाला आला. मी कढई खाली उतरवली. रशीदनं तोवर दोर जांभळीला बांधला होता आणि दुसरं टोक कमरेला. मधला दोर त्यानं माझ्या हातात दिला आणि तो शिरला. तो मध्यावर होता तेव्हा पाण्याचा रंग गेला. खडकाच्या कडेला उभ्या असलेल्या दोघी जावा आधी गेल्या, हातात हात धरून. त्यांना धरायला धाकटा भाऊ वाकला, तो गेला. रशीद पोचला तेव्हा खडकावर बाप होता आणि पोरगी होती, आणि दोर एकच होता. पुढचं मी सुरुवातीला सांगितलं आहे.

प्रेतं दुसऱ्या दिवशी मिळाली, रशीदचं सगळ्यांत शेवटी. काढायला त्याचीच माणसं होती. माती झाल्यावर शमानं मला घरी बोलावून घेतलं. दार लावलं आणि विचारलं, "मावशी, खरं सांग. दोर तुटला का त्यानं सोडला?"

मी म्हटलं, "सोडला."

"मला वाटलंच," ती म्हणाली. मग शिवणाचं मशीन झाकून ठेवलेलं होतं त्याच्यावर हात ठेवून बसली. रडली नाही. मी होते तोवर तरी नाही.

या खेपेला बारा जणांपैकी कुणीही खेळ काढला नाही. चौदा दिवस भरले. दुकानवाल्यांचं पत्र आलं असणार, प्रश्न आले असणार: खेळ कुणासाठी आहे, वापरणाऱ्यांनी काय सांगितलं, काय सुधारणा केली. ते रशीदच्या नावावर येत होतं. उघडायचा पासवर्ड रशीदच्या फोनमध्ये होता, आणि फोन त्याच्या खिशातच बुडाला होता. शमानं वर्कशॉपातल्या एकाला घेऊन पुष्कळ खटपट केली. दुकानवाल्यांनी लिहिलं की ज्याचं खातं आहे त्यानंच उत्तर द्यावं. मग पत्रं येईनाशी झाली. खेळ दुकानात कधी लागला नाही.

खेळ वेळेवर लागला असता तर ती माणसं खडकावर गेली नसती, असं मी म्हणत नाही. ती पुण्या-मुंबईची माणसं, त्यांना तो खेळ दिसला असता की नाही, कुणी सांगावं. लोक मला म्हणतात, मावशी, मनाला लावून घेऊ नका. मी मनाला लावून घेत नाही. झालं ते जसंच्या तसं सांगते. तेराव्या दिवशी मी तो काढला. एक दिवस राहिला होता.

मला तो शेवटचा दिसला तो दोर ओढताना. पोरगी अर्ध्या पाण्यात होती, दोरानं माझ्या हाताची कातडी सोलली जात होती, आणि मी एकदाच वर बघितलं. खडकाची हातभर जागा उरली होती. पोरीचा बाप तिच्या मागं पाण्यात उडी घ्यायला बघत होता. रशीद त्याच्यापेक्षा वीतभर ठेंगणा. त्यानं पाठ पाण्याच्या लोंढ्याकडं केली होती आणि दोन्ही तळहात त्या माणसाच्या छातीवर ठेवून त्याला खडकाच्या उंच बाजूला रेटत होता. तोंड हलत होतं. काय बोलत होता ते पाण्यात ऐकू येत नव्हतं. मग पोरीचा हात माझ्या हाताला लागला आणि मी खाली बघितलं.

खडकावर पाच जण गेले होते, रशीद सहावा. त्यातली ती मुलगी जगली.